फरशीच्या माथी खापर

प्लेटच्या कडेने आडवा अर्धगोल घेत जायचा तो कटर सरळ खाली घुसला, प्लेट भेदून पकडीत रुतला आणि मोडला. मशीन चालवणाऱ्या मेहुण्याने लाल बटण दाबलं आणि वरच्या केबिनकडे बघून हाक मारली, "भावोजी, जरा खाली या. हे काहीतरी निराळंच झालंय."

भावोजी म्हणजे कारखान्याचे प्रोग्रॅमर. खाली येताच त्यांना सगळं कळलं. गोलाई कुठल्या प्रतलात कापायची हे मशीनला आधी सांगावं लागतं. टेबलाला समांतर हवी तर जी-सेव्हन्टीन, उभी हवी तर जी-एटीन. त्यांनी सकाळच्या उभ्या कामाचा प्रोग्रॅम उचलून नव्या कामाला लावला होता आणि जी-एटीन तसंच राहिलं होतं. मशीन सांगितल्याप्रमाणे अर्धगोलच घ्यायला निघाली होती, फक्त उभा.

पण हे मेहुण्यासमोर कबूल करायचं म्हणजे संध्याकाळपर्यंत बायकोला आणि जेवणाआधी सासूबाईंना कळणार. तेवढ्यात मालकही येऊन उभे राहिले.

"लेव्हल गेलीय मशीनची," भावोजींच्या तोंडून निघून गेलं. "फरशी खचली असणार."

विषय इथेच मिटेल असा त्यांचा अंदाज होता. मेहुण्याने तो मिटू दिला नाही.

"मी केव्हाचा हेच सांगतोय," तो म्हणाला. "कटर थंड ठेवायचं कूलंट सांडलं की सगळं माझ्या पायाशी येतं."

मालकांनी स्वतः पाणसळ आणून फरशीवर ठेवली. बुडबुडा खरोखरच एका बाजूला सरकला.

"पाचरी ठोकल्या तरी भागेल, सर," भावोजी घाईने म्हणाले.

"छे. दुखणं मुळापासून काढायचं."

गवंडी आला. मशीन उचलून कोपऱ्यात गेली, फरशी फुटली, कारखानाभर धूळ झाली. गिऱ्हाइकांचे फोन येत राहिले आणि मालक पँट दुमडून ओल्या काँक्रीटवर पाणी मारत राहिले. दरम्यान भावोजींनी केबिनचं दार लावून अठराचे सतरा केले.

मशीन नव्या फरशीवर बसली. पहिलीच प्लेट अचूक निघाली. मालक तिच्या गोलाईवरून बोट फिरवत इतके खूश दिसत होते, की भावोजींना राहवेना.

"सर, खरं सांगू? चूक माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. एक आकडा बदलला मी."

मालकांनी गुळगुळीत फरशीकडे पाहिलं, मग भावोजींकडे.

"एका आकड्याने एवढी मशीन सुधारते होय? पाणसळ मी स्वतः लावली होती. इतकाही विनय बरा नव्हे."

"भावोजींचं असंच असतं," मेहुणा कौतुकाने म्हणाला. "कधी श्रेय घेत नाहीत."

"म्हणूनच सांगतो," मालक म्हणाले, "बाकीच्या मशीनखालच्या फरश्याही उद्यापासून काढू. देखरेख तुमची. तोवर प्रोग्रॅम हा बघेल. फरशी सपाट असली की चुकायला जागा कुठे राहते?"

मेहुणा चहाचा कप घेऊन केबिनचा जिना चढू लागला. गवंड्याने भावोजींच्या हातात पाण्याची नळी दिली.