समुद्रापासूनचं अंतर

सकाळी पावणेसातला हेडक्लार्क खांद्यावर टॉवेल टाकून बंद दारासमोर उभे होते. दाराआड सासरे होते आणि सासऱ्यांच्या हातात वर्तमानपत्र. ते शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्याखेरीज दार उघडत नसे. त्या घरात कधीही न मोडलेला नियम तेवढा हा एकच. माणसं सहा, आणि संडास-बाथरूम मिळून खोली एक.

“बाबा, किती राहिलं?”

“छोट्या जाहिराती चालल्यात, जावईबापू.”

स्वयंपाकघरातून बायको बोलली, पण नवऱ्याशी नव्हे, भांड्यांशी. अख्ख्या गावाच्या बांधकाम परवानग्या ज्याच्या टेबलावरून जातात, त्याच्या घरात दुसरी मोरी होत नाही. “लोक विचारतात, तुमचे हे नगररचना विभागात ना? मी सांगते, हो, सध्या रांगेत आहेत.”

यात हेडक्लार्कांचा दोष नव्हता. घराची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये दोन मीटरची पट्टी होती. तिथे बाथरूम अगदी चपखल बसलं असतं. पण तीस वर्षांपूर्वीची विकास नियमावली म्हणत होती की बाजूचे दोन मीटर मोकळे ठेवा. बाकीचा गाव अशा वेळी आधी बांधून घेई आणि परवानगीचं नंतर बघे. हेडक्लार्कांना तीही सोय नव्हती, कारण असल्या लोकांना पंचवीस वर्षं नोटिसा धाडणारा माणूस तेच होते.

आणि अचानक नगरपालिकेनं नियमावली सुधारायची ठरवली. मसुदा करायचं काम हेडक्लार्कांकडे आलं. आंधळा मागतो एक डोळा, तशातली गत.

त्यांनी कलम सतरा स्वतः लिहिलं. तीन संध्याकाळी घालवल्या. ‘सत्तरीवरील ज्येष्ठ नागरिक राहत असलेल्या, सहा व्यक्तींच्या कुटुंबास, घराच्या पूर्वेकडील मोकळ्या जागेत, दीड मीटर गुणिले दोन मीटर मापाचे स्नानगृह बांधण्यास मुभा राहील.’ शिंप्यानं अंगावर माप घेऊन शिवावं, तसं कलम. ‘पूर्वेकडील’ हा शब्द जरा जास्तच होतोय असं वाटून त्यांनी तो खोडला, आणि पुन्हा घातला. उगाच कुणी पश्चिमेला बांधायला नको.

कलम सतरा सुबक झालं, पण पुस्तक एका कलमाचं होत नाही. उरलेली पानं त्यांनी एका दूरच्या, भरभराटीच्या शहराच्या नियमावलीतून जशीच्या तशी उचलली आणि संगणकाला सांगितलं, त्या शहराचं नाव दिसेल तिथे आपलं घाल. संगणकानं चार मिनिटांत दोनशे बारा पानांचा गाव वसवला.

पुढे सगळं रीतसर झालं. नगररचनाकार साहेब वयानं तरुण होते आणि त्यांचा जीव बदलीच्या ऑर्डरकडे लागलेला होता. त्यांनी मसुदा तळहातावर तोलला, ‘वजनदार झालाय’ म्हणाले आणि प्रत्येक पानावर सही केली. अकरा सदस्यांच्या समितीनं तो एकोणीस मिनिटांत मंजूर केला. त्यातली बारा मिनिटं फोटोत अध्यक्षांच्या शेजारी कोणी बसायचं यात गेली. मग नागरिकांच्या हरकतींसाठी साठ दिवस ठेवले. मसुद्याची प्रत जनतेला पाहण्यासाठी कपाटात ठेवली आणि कपाटाची किल्ली घेऊन कारकून लग्नाला गेला.

गावात तो मसुदा एकाच माणसानं वाचला. एके दिवशी वर्तमानपत्र आलं नाही, तेव्हा सासरे हेडक्लार्कांच्या घरच्या टेबलावरची प्रत घेऊन आत गेले आणि पावणेदोन तास आतच राहिले.

“जावईबापू,” आतून आवाज आला, “आपल्या गावाला समुद्र आहे का हो?”

“बाबा, आधी बाहेर या.”

साठ दिवसांत टपालानं एकच हरकत आली. हेडक्लार्कांनी पाकीट न फोडता, कार्यालयाच्या प्रथेप्रमाणे त्यावर शेरा मारला: ‘विचार करण्यात आला. दखल घेण्याची आवश्यकता नाही.’ पाकीट फायलीला लागलं. नियमावली लागू झाली.

नव्या नियमांखालचा पहिला अर्ज अर्थातच हेडक्लार्कांचा होता. पहिलाच अर्ज म्हणून साहेबांनी पुस्तक हौसेनं उघडलं, आणि ते नेमकं एक्केचाळीसाव्या कलमावर उघडलं.

“भाऊसाहेब, बंदर अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र जोडलं नाहीत.”

“कसलं, साहेब?”

“समुद्रापासूनच्या अंतराचं. भरतीचं पाणी जिथवर येतं, तिथून पाचशे मीटरच्या आत बांधकाम नाही. प्रत्येक अर्जाला दाखला हवा.”

हेडक्लार्कांनी ते कलम आयुष्यात प्रथमच वाचलं. ते भरभराटीचं शहर कशामुळे भरभराटीला आलं होतं, हे त्यांना तेव्हा उमगलं. त्यांच्या स्वतःच्या गावापासून समुद्र रेल्वेनं एक रात्र आणि अर्धा दिवस लांब होता.

“साहेब, आपल्याकडे समुद्र नाही.”

“नाही, हे मला दिसतं. पण नाही असा दाखला कोण देणार?”

कलम खोडता येत नव्हतं. ते काढायचं तर अख्खं पुस्तक मागे घ्यावं लागणार. म्हणजे हेडक्लार्कांचं सतरावं कलम बुडालं आणि दोनशे बारा सह्या केलेल्या साहेबांची बदलीही बुडाली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि गावाला समुद्र असणंच दोघांच्या हिताचं आहे, यावर न बोलता एकमत झालं.

त्या दूरच्या शहराच्या बंदर अधिकाऱ्याला पत्र गेलं. आमचा समुद्र आमच्या हद्दीपुरता आहे, असं त्याचं उत्तर आलं. तेव्हा नगरपालिकेनं स्वतःचाच बंदर अधिकारी नेमला. तो मान पोहण्याच्या तलावावरच्या रखवालदाराला मिळाला, कारण नोकरांत पोहता येणारा तोच एकटा होता. तो सायकलवरून गावाभोवती दोन दिवस फिरला आणि त्यानं अहवाल दिला: ‘पाहणीच्या वेळी समुद्र आढळून आला नाही. ओहोटी असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

तोवर साडेतीनशे अर्ज तुंबले. घरी बायकोनं बोलणंच सोडलं. ती फक्त सकाळी पावणेसातला टॉवेल आणून हातात देई, आणि बोलण्यापेक्षा ते जास्त लागे.

शेवटी साहेबांनी पट्टी घेतली आणि मंजूर नकाशावर, वीटभट्ट्यांच्या मागच्या ओसाड माळावरून, एक निळी तुटक रेष ओढली. तिथे कुणी राहत नव्हतं, काही उगवत नव्हतं. समुद्राला याहून निवांत जागा मिळाली नसती. रेषेपासून हेडक्लार्कांचं घर तीन किलोमीटर दोनशे मीटर भरलं. रखवालदारानं दाखला दिला. परवानगी हातात पडली आणि आठवड्याभरात पूर्वेकडे चार भिंती उभ्या राहिल्या. बायकोनं फरशीचा रंगसुद्धा ठरवला. तिनं नवऱ्याला “अहो” अशी हाक मारली, तेव्हा हेडक्लार्कांना भरून आलं.

पण तो ओसाड माळ अध्यक्षांच्या मेहुण्याचा होता. इतकी वर्षं त्यावर गाढवंही चरायला राजी नव्हती. मेहुण्यानं नकाशा पाहिला, निळी रेष पाहिली आणि माळावर पाटी लावली: ‘समुद्रकाठचे भूखंड. नगरपालिकेच्या मंजूर नकाशानुसार.’ भूखंड बाहेरगावच्यांनी लांबूनच, नकाशा पाहून घेतले. त्यातले एक निवृत्त गृहस्थ गळ, घडीची खुर्ची आणि पत्नी घेऊन राहायलाच आले. दोन दिवस ते माळावर खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या कार्यालयाला तक्रार धाडली.

चौकशीला आलेल्या अधिकारी बाई फार कमी बोलत. त्यांनी नकाशा पाहिला, बंदर अधिकाऱ्याला पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला.

“साठ दिवसांत एकाही माणसाच्या लक्षात आलं नाही?”

साहेब म्हणाले, जनता उदासीन आहे. अध्यक्ष म्हणाले, फारच उदासीन आहे. बाई फाईल चाळत होत्या. चाळता चाळता त्या थांबल्या, न फोडलेलं पाकीट त्यांनी फोडलं आणि आतल्या, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेच्या तुकड्यावर लिहिलेलं मोठ्यानं वाचलं.

“‘आपल्या गावाला समुद्र नाही. सबब कलम एक्केचाळीस काढावे. सतरा मात्र ठेवावे, आमच्या जावयांना त्याची निकड आहे.’” बाईंनी मान वर केली. “हे जावई कोण?”

साहेबांनी हेडक्लार्कांकडे पाहिलं, अध्यक्षांनी साहेबांकडे, आणि हेडक्लार्कांनी खिडकीबाहेर.

संध्याकाळी आदेश निघाला. नियमावली मागे. तिच्याखाली दिलेल्या सगळ्या परवानग्यांना, असतील त्या स्थितीत, स्थगिती. साहेबांच्या बदलीला स्थगिती. रखवालदार पुन्हा तलावावर. नवा मसुदा तयार होईल तेव्हा त्याचं प्रत्येक पान गावातल्या एकमेव जागरूक नागरिकानं वाचून सही करावी. त्याशिवाय एकही परवानगी मिळणार नाही.

हेडक्लार्क घरी आले, तर सासरे नवा शर्ट घालून बसलेले. आदेशाची प्रत त्यांना आधीच पोचली होती. तुम्ही हे मला घरातच का सांगितलं नाही, असं हेडक्लार्कांनी विचारलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, आधी बाहेर या.”

महिन्याभरानं नव्या मसुद्याचं बाड घरी आलं. सासऱ्यांना टेबल दिलं, दिवा दिला, अंगणात खुर्ची दिली. त्यांनी सगळीकडे बसून पाहिलं. पण जन्माची सवय. दार लावून आत बसल्याशिवाय अक्षर डोक्यात शिरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला बायकोनं टॉवेल आणून दिला. खिडकीतून पूर्वेकडच्या चार भिंती दिसत होत्या. त्यांना छप्पर नव्हतं, दार नव्हतं. आत एक मांजर ऐसपैस बसलं होतं.

“बाबा, कितवं पान?”

“चौदावं.”

“एकूण किती आहेत?”

“दोनशे बारा. पण घाई करू नका, जावईबापू. मागच्या खेपेला घाईघाईतच समुद्र आत आला.”

हेडक्लार्कांनी टॉवेल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला.