जरा उजेडात या

जळगावात आमच्या शेजारी राहणारे नाना कातडीचे डॉक्टर आहेत आणि त्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत. रस्त्यात नमस्कार केला तर अनोळखी नजरेने बघतात. मग आपण हात पुढे करायचा. तो उलटसुलट न्याहाळून, भर बाजारात खुशीने म्हणतात, "अरे, तुम्ही! इसब बसला की!"

ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नाही. पेशंट आला की "जरा उजेडात या" म्हणून त्याला खिडकीशी नेणार. माझ्या पुतण्याच्या लग्नात त्यांनी बोहल्यावरच्या नवरदेवालाच हे ऐकवलं, कारण त्याच्या कानामागे डाग दिसला. पूर्वी काकू आवरायच्या. त्या गेल्यापासून नाना एकटेच राहतात आणि आवरणारं कोणी नाही.

माझी अक्का जवळच्याच असोदा गावी दिली आहे. तिच्या तोंडातले फोड महिनोन्‌महिने बरे होईनात. उष्णता म्हणून सब्जा पिऊन झाला. मग पाठीवर, छातीवर पाण्याचे फोड आले. हात लागला की फुटत. घरच्यांनी नागीण ठरवून गेरू फासला आणि अक्काचं ताट-तांब्या मागच्या खोलीत गेलं. जिच्या हातच्या भरितासाठी भाऊबंद हिवाळ्याची वाट बघायचे, तिला चुलीपाशी येऊ देईनात.

नानांनी तिला खिडकीशी बसवलं. फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडी बोटाने हलकेच सरकवली, तर ती सुटून आली. नाना गप्प झाले. ते गप्प झाले की आजार दुर्मीळ असतो, हे आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक आहे. तुकडा तपासायला गेला आणि नाव आलं, पेम्फिगस. यात शरीर आपल्याच कातडीवर उलटतं, दुसऱ्या कुणाला लागत नाही, असं त्यांनी घरच्यांना बजावून सांगितलं. गोळ्यांनी फोड वाळले. ताट मात्र वेगळंच राहिलं.

मी नानांकडे रडगाणं गायलो तर म्हणाले, "मला भरीत खायचंय. अक्काच्या हातचं." मला रागच आला. मी काय सांगतोय आणि यांना जिभेचे चोचले सुचताहेत.

रविवारी ते असोद्याला शेतात आले. डॉक्टरांचाच हट्ट, म्हणून अक्काच्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. अक्काने वांगी भाजली, हिरव्या मिरच्या सढळ हाताने घालून ठेचली आणि वाढायची वेळ आल्यावर लांब केळीच्या सावलीत जाऊन उभी राहिली.

"जरा उजेडात या, अक्का," नाना म्हणाले, "आणि तुमच्या हाताने भरवा."

"नका डॉक्टर. तुम्हाले व्हईन."

नानांनी तिचा हात धरून घास आपल्या तोंडात घेतला. मग आणखी एक. घाम फुटला, डोळ्यांतून धारा लागल्या, तरी मान डोलावत तिसरा मागितला. सगळी पंगत बघत होती. सासूबाई उठल्या आणि त्यांनी आपलं पान अक्कापुढे धरलं.

दुसऱ्या दिवशी उरलेल्या भरिताचा डबा घेऊन मी नानांकडे गेलो. ते पोट धरून बसले होते, समोर दहीभात. जुना अल्सर, मिरची कधीचीच बंद.

"चव छान असेल," ते म्हणाले. "मला काही कळली नाही."

मी आणलेला डबा परत पिशवीत टाकला.

आता अक्का दर हिवाळ्यात एक वांगं मिरचीशिवाय ठेचते, स्वतः घेऊन येते आणि नानांचं जेवण होईपर्यंत शेजारी बसते. ती दारात दिसली की नाना तिचा हात बघायला मागत नाहीत. लांबूनच म्हणतात, "ये अक्का."