इनासची घंटा आणि दुमिंगची झोप

एका जंगलात नदीकाठच्या टेकाडावर एक चर्च होतं. जंगलात चर्च कसं, असं विचारू नका मुलांनो. जंगलात कमिटी असते, मग चर्च का नसावं?

घंटा वाजवायचं काम इनास अस्वलाकडे होतं. इनास बुजरा. चारचौघांत त्याला बोलता येत नसे. पण दोर ओढला की सगळं जंगल आपलं ऐकतंय, असं त्याला वाटे.

पुढे चर्चमागच्या ढोलीत दुमिंग उदमांजर राहायला आलं. येताच त्यानं तक्रार केली.

"मी दिवसा झोपतो. घंटेनं दचकायला होतं."

कमिटीचा अध्यक्ष गवा होता. त्याला कुणालाच दुखवायचं नव्हतं. त्यानं घंटेच्या लोलकाला काथ्या गुंडाळायला लावला.

"मग वाजवायची कशाला?" इनासनं विचारलं.

"परंपरा आहे," गवा म्हणाला.

इनास रोज दोर ओढू लागला. वर नुसतं थप्प व्हायचं. म्हातारी भेकर वारली, तेव्हा मातीला इनास एकटाच होता. घंटा ऐकूच न गेल्यानं बाकीच्यांना कळलंच नाही. त्या दिवशी तो जेवला नाही.

ऐन उन्हाळ्यात एका दुपारी वणवा लागला. सगळे सावलीत पेंगत होते. इनासनं दोर ओढला. थप्प. पुन्हा ओढला. थप्प. मग तो मनोऱ्यावर चढला आणि दातांनी काथ्या फाडून काढला. खाली उतरून दोर गाठायला वेळ नव्हता. त्यानं दोन्ही पंजांनी लोलक धरून घंटेवर आपटला. धूर नाकातोंडात गेला तरी तो थांबला नाही.

सगळं जंगल नदी ओलांडून वाचलं. दुमिंगही वाचला. शेवटी होरपळलेला इनास पोहत आला.

पलीकडच्या काठावर कमिटीची तातडीची बैठक बसली. विषय एकच होता, परवानगी न घेता घंटा कुणी वाजवली.

"एवढ्या जोरात वाजवायची गरज होती का?" दुमिंगनं विचारलं.

"तुम्ही जागे झालात ना?" इनास म्हणाला.

"झालो. पण दचकून."

गव्याला दोघांचंही पटलं. त्यानं इनासला कामावरून काढलं आणि आजवरच्या सेवेबद्दल त्याचे आभार मानले. टाळ्या वाजल्या. दुमिंगची सूचना होती, म्हणून हळू वाजवल्या.

तात्पर्य : मुलांनो, कुणाचा जीव वाचवायचा असेल, तर तो झोपलेला असताना वाचवू नये. त्याची झोप मोडते.