जरा रुका, हवालदार चाललाय

सदुकाकांनी मला माझ्याच घरात कुटायची बंदी केली होती. सकाळी दाण्याचा कूट करायला मी खलबत्ता काढला रे काढला, की खालच्या मजल्यावरून छताला काठी आपटायची आणि आरोळी यायची, "सूनबाई, जरा रुका! हवालदार चाललाय!"

हवालदार म्हणजे लाल पगडीचं, वीतभर उंचीचं बनारसी लाकडी खेळणं. तो काकांच्या टेबलावर मांडलेल्या जिलबीच्या दुकानाकडे निघालेला असायचा. काका त्याला केसभर पुढे सरकवायचे, कॅमेऱ्याची कळ एकदा दाबायचे, परत केसभर सरकवायचे. माझ्या खलबत्त्यानं छताची माती त्याच्या पगडीवर पडली, की सकाळभराची मेहनत पाण्यात. पण मी तरी का ऐकून घेऊ? मीही जिन्यातून ओरडायची, "काका, मग खिचडीत काय हवालदार घालू?"

हे खूळ आलं कुठून, ते सांगते. ब्रह्माघाटावरच्या आमच्या गल्लीत एक इंग्रज संस्कृत शिकायला आला होता आणि काकांकडे भाड्यानं राहिला होता. त्याच्या देशात टीव्हीवर लागणाऱ्या मुलांच्या एका जुन्या मालिकेचं रीळ त्याच्याजवळ होतं. बनारसात टीव्हीचा अजून पत्ता नव्हता, आणि आमच्या गल्लीत चुन्याच्या भिंतीवर विलायती मालिका! लाकडाची माणसं, लोकरीच्या मेंढ्या. पाववाला टोपी उचलायचा, मेंढी वळून बघायची, आणि दोरी कुठंच नाही. "एक फोटो काढायचा, बाहुली जराशी हलवायची, मग दुसरा फोटो," असं त्या इंग्रजानं समजावलं. काका रेल्वेत गार्ड होते. जन्मभर हिरवी झेंडी दाखवून त्यांनी आख्ख्या गाड्या हलवल्या होत्या, पण या केसभर हलण्यावर माणूस लट्टू झाला. इंग्रज परत जाताना कॅमेरा आणि प्रोजेक्टर त्यांनाच देऊन गेला.

पुढं थोड्याच दिवसांत काकूंना लकवा झाला. उजवा हात गेला. अहो, काय हात होता तो! भाजीवाल्याशी भांडताना असा नाचायचा, की बिचारा वर कोथिंबीर घालून हात जोडायचा. डॉक्टर म्हणाले, "अब इस हाथ में जान नहीं आएगी." काका त्यांच्यावरच उखडले. "गाडी लेट आहे म्हणा. रद्द झाली, हे सांगणारे तुम्ही कोण?"

गल्लीतल्या बायका भेटायला येऊन "बिचारी गं!" करायला लागल्या, तर काका दारात आडवे उभे. "इथं बिचारी कुणी राहत नाही. पुढचं घर बघा!" एकीला तर चहासुद्धा न देता वाटेला लावलं. मला पटलंच ते. पण काकूंनी मात्र बाहेर पडणंच सोडलं. हात कायम शालीखाली. मंडळाच्या गणपतीलाही येईनात. मला म्हणाल्या, "लोक तोंडाकडे बघतच नाहीत गं, हाताकडेच बघतात."

इकडे हवालदार जिलबीच्या दुकानापाशी पोचला आणि तिथंच अडकला. आता काठी दिवसातून एकदाच आपटायची. महिने गेले. एकदा मी विचारलं, "काय काका, जिलबी मिळाली का त्याला?"

"थांबलाय," काका म्हणाले. "कुणाची तरी वाट बघतोय. तुला कसली घाई?"

पुढच्या गणपतीत काकांनी हट्टच धरला. सिनेमा मंडळात दाखवणार, आणि काकू पहिल्या रांगेत बसणार. "ज्यांनी तिला बिचारी म्हटलं, त्यांनाच दाखवणार!" मंडळाचे चिटणीस आबासाहेब म्हणाले, "कीर्तनाच्या वेळेला बाहुल्या? हा काय पोरखेळ आहे?"

मी प्रसादाचं ताट घेऊन तिथंच उभी होते. म्हटलं, "मागल्या वर्षी तुमच्या मेव्हण्याचं गाणं सोसलं की आम्ही! त्यापेक्षा हवालदार बरा. आणि नाहीच म्हणायचं असेल, तर काकूंच्या घरी जा, त्यांच्या तोंडावर म्हणा." आबासाहेबांनी मोदक तोंडात टाकला आणि मान डोलावली.

काकूंना खुर्चीसकट उचलून आणलं. शाल होतीच. दिवे मालवले, भिंतीवर हवालदार निघाला. चाल अशी झोकांड्या खात, की मागून कुणी ओरडलं, "गुरू, भांग छानकर निकला है!" सगळी सभा खदखदली. काकाही हसले.

हवालदार दुकानापाशी आला आणि थांबला. त्याच्याशेजारी टेबलावर एक हात दिसायला लागला. नुसता पडलेला.

"काका, हात राहिला की चित्रात!" आबासाहेब हसत म्हणाले. "काढायला विसरलात!"

पण मी त्या हातामागच्या पदराकडे बघत होते. पदर हिरवा, की लगेच निळा, की लगेच जांभळा. बांगड्या बदलत होत्या. स्वेटरची बाही आली, गेली. हात तिथंच. मग माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. एका दिवसाला एक फोटो! लुगडी भराभर पालटत होती, आणि करंगळी हलली. मग अंगठा. मग बोटं पसरली, गोळा झाली, घसरली, परत पसरली. शेवटी त्या हातानं हवालदाराला कमरेला धरलं आणि उचललं. मला भडभडून आलं, खोटं कशाला सांगू?

काका ताडकन उठले, ते नेमके प्रोजेक्टरच्या उजेडात. "विसरलो नाही, आबासाहेब! हात हिचा आहे. डॉक्टर ज्याला मेला म्हणाले, तो हा हात! नीट बघा, आणि म्हणा आता बिचारी! म्हणा ना!" आवाज चिरकला होता. भिंतीवर त्यांची ही थोरली सावली पडली होती.

तेवढ्यात काकूंची शाल खांद्यावरून घसरली. त्यांनी काकांचा सदरा मागून धरला आणि खाली ओढला.

"अहो, बसा की," त्या म्हणाल्या. "माझा हात झाकलात तुम्ही."

ओढलं होतं ते उजव्या हातानं. काका मुकाट्यानं खाली बसले.