सात दिवसांचं बाळ आणि नऊ डालगी

धुळाचं बाळ सात दिवसांचं झालं होतं आणि तेवढ्यात त्याची निजायची जागा चार वेळा बदलली होती.

जतच्या अलीकडल्या माळावर, बाभळीच्या बुडाशी धुळाचं खोपट. मागं मेंढरांचा वाडा, पुढं नजर थकेल एवढं कुसळाचं रान. याच खोपटात याआधी दोनदा तान्ह्याचं रडणं उमटलं होतं आणि दोनदा, सव्वा महिना भरायच्या आतच, थांबलं होतं. म्हणून या खेपेला धुळा रडण्याला भीत नव्हता. बाळ गप्प झालं की तो त्याच्या नाकाशी बोट धरून बघे. लांडग्याच्या जबड्यातून कोकरू ओढून काढणारा गडी, पण आता पाल चुकचुकली तरी उठून उभा राही.

त्यात भर आकारामची. शेजारच्या वस्तीवरचा आकाराम वर्षभरापूर्वी लढाईवरून पायात गोळी घेऊन परत आला होता. ब्रह्मदेशात त्यानं काय काय बघितलं होतं. आणि जे बघितलं नव्हतं, तेही त्याला ठाऊक होतं.

"बाजंवर आईजवळ निजीवलंस?" पहिल्याच दिवशी त्यानं दारातून विचारलं. "लय डेंजर, गड्या! बाई दमल्याली. झोपंत हात पडला म्हंजी? आन् खाली शेगडी. इंगळ उडायला किती येळ?"

धुळानं बाळाला उचललं आणि आढ्याला झोळी बांधली.

"झोळी झ्याक हाय," दुसऱ्या दिवशी आकाराम म्हणाला. "पर वर छपराकडं बघितलंस? इचू काय तुला इचारून पडणार हाय?"

झोळी सुटली, सूप आलं. सुपात मऊ फडकं, फडक्यावर बाळ. मग आकारामला मुंग्या आठवल्या. मुंगीवरून कान आठवला, आणि कानात शिरलेल्या मुंगीनं वेडा झालेला एक सुभेदारही आठवला. त्यानंतर धुळा मांडी घालून बसला तो बसलाच. रात्रभर बाळ मांडीवर आणि डोळे दारावर. पापणी मिटायची म्हटली तरी एका वेळी एकच मिटायची.

बनाबाईला नवऱ्याची दयाही येई आणि हसूही. ती बाजेवर पडल्या पडल्या हळूच म्हणे,

"निजलं शिवार, निजला गं माळ,
बाप बाळाला राखतो, जसा चोराला कोतवाल."

"गाणी कसली म्हंतीस?" धुळा कुजबुजायचा. "त्येचा श्वास ऐकू यीना मला."

"आवं, तुमीच धापा टाकताय. तुमचं थांबलं की त्येचं ऐकू यील."

सातव्या दिवशी दुपारी बना जेवून कलंडली. बाळ पुन्हा सुपात होतं, कारण धुळाच्या मांडीला मुंग्या आल्या होत्या. बाहेरच्या नव्हे, आतल्या. तो पाय झाडत खोपटामागं गेला. तिथं वाड्याच्या कडेला डालगी पालथी घातलेली होती. मेंढ्या दिवसभर चरायला जात. मागं राहिलेली कवळी कोकरं वेताच्या या मोठ्या डालग्यांखाली झाकून ठेवायची, वर एक दगड ठेवायचा, ही धुळाच्या आज्यापासूनची रीत.

धुळा बघत राहिला. आजवर डालग्याखालचं कोकरू एकही दगावलं नव्हतं. ना घारीनं नेलं, ना कोल्ह्यानं, ना कुणाच्या पायाखाली आलं. वेतातून वारा येतो, ऊन गाळून येतं. जितराबाला एवढा बंदोबस्त, आणि आपलं लेकरू सुपात उघडं!

तो पावलं न वाजवता आत गेला, बाळ उचललं, बाहेर आणलं. सावलीतलं रिकामं डालगं निवडलं. खाली घोंगडं, वर बाळ, त्यावर डालगं, डालग्यावर दगड. वेताच्या फटीतून त्यानं आत बघितलं. बाळाच्या गालावर उन्हाचे कवडसे नाचत होते. सात दिवसांत पहिल्यांदा धुळाच्या छातीवरचं ओझं उतरलं. राखण करावी म्हणून तो शेजारीच टेकला, आणि सात रात्रींचं जागरण एकदम त्याच्या डोक्यात उतरलं.

"आवंऽऽ! लेकरू न्हाईऽऽ!"

बनाच्या किंकाळीनं सगळा माळ उभा राहिला. सूप रिकामं, फडकं दाराशी पडलेलं. कुणीतरी लांबून ओरडलं, "लांडगा!" तो शब्द कानात पडायचा अवकाश, धुळा झोपेतून ताडकन उठला, कुऱ्हाड घेतली आणि ओढ्याच्या दिशेनं सुटला. मागं ओली बाळंतीण, तिच्यामागं काठ्या घेतलेले मेंढके, सगळ्यांत शेवटी लंगडत आकाराम.

"माझं लेकरू सोड!" धुळा झुडपाझुडपावर कुऱ्हाड घालत होता. डोळ्यांतून पाणी, पायात काटे. "मला न्हे, पर त्येला सोड!"

ओढ्याच्या काठी आकारामनं त्याला कसंबसं गाठलं. "थांब! पलटणीत असं धावत न्हाईत. आदी सांग, पोराला शेवटी कुणी बघितलं?"

"मी!"

"कवा?"

"मगाशी. झोपलं हुतं."

"कुठं?"

"डालग्याखाली," धुळा हुंदका देत म्हणाला, "मीच तर झाकून..."

आणि तो थांबला. कुऱ्हाड हातातून गळाली. बना धापा टाकत पोचली होती. तिनं नवऱ्याकडं असं बघितलं की लांडगा परवडला असता.

"डालग्याखाली? माझं लेकरू? आवं, ते काय शेळीचं करडू हाय?"

उत्तर द्यायला धुळा तिथं नव्हता. तो परत पळत सुटला होता.

वाड्याकडेला नऊ डालगी. नऊही सारखी, नवांवरही दगड. सावली सरकलेली, त्यात कोणतं ते त्याला आठवेना. त्यानं पहिलं उचललं. दोन कोकरं उड्या मारत पळाली. दुसरं, तिसरं, चौथं. सगळीकडं कोकरंच कोकरं; आकाराम त्यांत अडखळून पडला. आठवं डालगं उचललं, तर खाली खुडूक कोंबडी बसलेली. नववं उचललं.

खाली घोंगडं होतं. घोंगडं कोमट होतं. बाळ नव्हतं.

 धुळा घोंगड्यावर हात ठेवून बसला, आणि आधीची दोन लेकरं त्याच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. बनानं हंबरडा फोडला.

"कोण आरडतंय रं?" खोपटातून आवाज आला. "हळू बोला. आताच निजलंय."

दारात हरणाबाई सुईण उभी होती. बाळाला न्हाऊ घालायला ती रोज ओढ्यापल्याडून यायची.

"आले तर घरात माणूस न्हाई," ती म्हणाली, "आन् मागनं रडणं यायलं. डालगं उचलून बघते तर आमचा राजा! डालगं दगडासकट हुतं तसं ठिवलं आन् ह्येला आत आणलं. कुणाची ही अक्कल?"

 सगळ्यांनी धुळाकडं बघितलं. बना आत धावली आणि बाळाच्या जावळात तोंड खुपसून रडली.

"मावशी," धुळा हात जोडून म्हणाला, "मग निजवू कुठं? बाजंवर आग, वरनं इचू, खाली मुंगी. तूच सांग. ह्ये बी गेलं तर मी जगायचा न्हाई."

त्याचा आवाज ऐकून हरणाबाईच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली.

"हितं निजीव," ती भिंतीपासल्या सारवलेल्या भुईकडं बोट दाखवून म्हणाली. "सपाट वाकळ टाक. उताणं निजवायचं. उशाला बोचकं न्हाई, तोंडावर पांघरूण न्हाई. शेगडी भाईर. वर छपराला जुनं लुगडं ताणून बांध, भवतीनं राखंची रेघ वढ. आई हाताच्या अंतरावर. बास. आन् तू, आकाराम, म्हैनाभर हिकडं फिरकायचं न्हाई."

धुळानं लगोलग लुगडं ताणलं, रेघ ओढली, शेगडी उचलली, वाकळ अंथरली. तरीही मन भरेना.

"जरा थांबा," तो म्हणाला. "बाळाला काय दिसतं, काय टोचतं, मी आदी बघतो."

तो वाकळीवर उताणा झाला. वर लुगडं ताठ होतं. खाली भुई गार होती. दारातून वारा येत होता, पण अंगावर नव्हे. काही टोचत नव्हतं. त्यानं हे सांगायला तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

"आवं," बनानं हाक मारली. मग हलवलं. मग हरणाबाईनं हलवलं. धुळाच्या कपाळावरची आठी सात दिवसांत पहिल्यांदा मोडली होती, आणि आता त्याला उठवणं लांडग्यालाही जमलं नसतं.

बना बाळाला छातीशी धरून सगळ्या खोपटात एकदा फिरून आली.

"मावशी," ती हळूच म्हणाली, "जागा तर लय झ्याक सापडली. आता ह्येला कुठं निजवू?"