भैय्याजींची साइट आणि सावनेरची बस

मेव्हण्याची हळद संध्याकाळी सावनेरला होती. काही झालं तरी दुपारच्या बसला येईन, असा शब्द धम्मानंदने बायकोला दिला होता. तिच्या माहेरची याआधीची दोन कार्यं ऑफिसपायी बुडाली होती. तिसरंही बुडालं तर प्रीती काय म्हणेल, या विचारानेच तो सकाळपासून दमला होता.

पण मे महिना होता. साऱ्या नागपूरचे कूलर एकदम बिघडले होते आणि त्याच्या मालकांची, सीताबर्डीतल्या भैय्याजींची, कूलरदुरुस्तीची वेबसाइट नेमकी आजच झोपली होती.

"काहून गा, उघडून नाही राहिली?"

"पाहून राहिलो, भैय्याजी."

पाहायचं काय, रोग त्याला ठाऊक होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासाठी साइट डेटाबेसशी नवीन कनेक्शन जोडायची आणि काम झालं तरी ते सोडायची नाही. सगळी कनेक्शनं अशी अडून बसली की डेटाबेस हात वर करायचा. हे नीट करायला त्याने दिवाळीपासून वेळ मागितला होता. "चालून राहिलं ना? मंग!" एवढंच उत्तर मिळायचं.

त्याने सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. साइट उठली. त्या आनंदात भैय्याजींनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, 'साइट चालते का, सगळ्यांनी उघडून पाहा.' सगळ्यांनी पाहिलं. साइट पुन्हा आडवी झाली.

"कोणालेच पाहायले नका सांगू ना!"

"अरे, मदत करून राहिले ते!"

धम्मानंदने भैय्याजींचा मोबाइल गोडीगोडीने काढून घेतला आणि कामाला बसला. आता दहाच कनेक्शनं कायम जोडलेली राहणार होती, सगळी गिऱ्हाइकं त्यांच्यावरच भागणार होती. साइट धावू लागली.

"दहातच भागते? कसं गा?"

"काम झालं तरी कनेक्शन बंद नाही करायचं. रिकामं झालं का दुसऱ्याले द्यायचं." त्याने बॅग उचलली. "निघू मी?"

भैय्याजी विचारात पडले. त्यांना एखादी गोष्ट समजली की धम्मानंदला धडकी भरायची.

"म्हणजे तू आता रिकामा झाला?"

"हो."

"मंग घरी काहून जातं? आपल्या जरीपटक्याच्या दुकानातला कॉम्प्युटर अडकला, तिकडं जा."

जरीपटक्याच्या ऑटोत बसून त्याने प्रीतीला फोन लावला. मागे बसचा खडखडाट ऐकू येत होता.

"मले माहीतच होतं," ती शांतपणे म्हणाली. तो शांतपणाच त्याला जास्त लागला.

"पुढच्या बसनं येतो मी. माही सीट खालीच गेली असन ना?"

"खाली काहून? एक बाई उभी होती, तिले देली. रिकामी जागा किती वेळ धरून बसू जी?"