बिराजदार गुरुजींची सुट्टी

बिराजदार गुरुजींनी आपल्या शिकवणीला कधी सुट्टी दिली नाही. रविवारी नाही, दिवाळीला नाही, ईदला तर नाहीच नाही. ईदच्या दिवशी मी नव्या कपड्यांत, शीरखुर्म्याचा डबा घेऊन मोठ्या आशेने त्यांच्याकडे गेले. त्यांनी डबा घेतला, उभ्याउभ्या वाटीभर खाल्ला, "लई झ्याक झालाय, अम्मीला सांग," म्हणाले आणि माझ्यापुढे बुद्धिमत्ता चाचणीचा सराव पेपर ठेवला.

स्वतःच्या मुलीच्या लग्नातही त्यांनी आम्हाला सोडलं नाही. अक्षता पडल्या, पंगत बसायला अजून वेळ होता, तेवढ्यात गुरुजींनी शिष्यवृत्तीची सगळी पोरं मांडवाच्या कोपऱ्यात गोळा केली आणि गणिताचा पेपर घेतला. व्याही विचारत फिरत होते, "मुलीचे वडील कुठं गेले?" मुलीचे वडील अपूर्णांक तपासत होते. मला कांजिण्या आल्या तेव्हा ते आमच्या खिडकीखाली रस्त्यात उभे राहून प्रश्न वाचायचे आणि मी आतून उत्तरं ओरडायची. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या बऱ्याच मोठ्या माणसांचे पाढे सुधारले.

कपाळावर भस्माचे पट्टे, अंगावर धोतर-सदरा, आणि तोंडात सदानकदा "शिवा, शिवा!" आम्ही उत्तर चुकलो तरी "शिवा, शिवा!", बरोबर आलं तरी तेच. फक्त सूर बदलायचा. लातुरात त्या वर्षांत शिकवण्यांचं अमाप पीक आलं होतं. गल्लोगल्ली पाट्या लागत होत्या आणि पाट्यांवर सगळे 'सर' होते. दोन-दोन, तीन-तीन मजल्यांच्या स्लॅबच्या इमारतींत पोरं कोंबलेली असायची. गुरुजींनी मात्र घरामागे पत्र्याची खोली बांधली होती. उन्हाळ्यात आम्ही भाजून निघायचो, पावसात पत्र्यावर असा ताशा वाजायचा की गुरुजींना शुद्धलेखन बोंबलून घालावं लागायचं. कुणी पालक म्हणाला, "गुरुजी, आता वर स्लॅब टाका की," तर त्यांचा चेहरा उतरायचा. "पत्रा बरा हाय," एवढंच म्हणायचे.

त्यांच्या टेबलावर काठोकाठ भरलेला पितळी तांब्या असायचा. तो प्यायचा नव्हता. शिकवताना त्यांचा एक डोळा त्या पाण्यावर असे. धान्याच्या मोंढ्याकडे जाणारा एखादा भरलेला ट्रक गेला आणि पाणी थरथरलं की गुरुजी ओरडायचे, "भायेर!" आम्ही पेपर, पाट्या, चपला, काही न उचलता अंगणातल्या मोकळ्या जागेत धावायचो. तिथे हजेरी व्हायची. हजेरी ते आम्ही आल्यावर घेत, मधेच घेत, निघताना घेत. सगळ्यांचं "हजर" कानावर पडलं की सदऱ्याच्या बाहीने घाम पुसायचे आणि म्हणायचे, "चला आत. तीन मिन्टं गेली, वाढवून देतो."

आता हे सांगताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं. भूकंपाला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती, पण आमची भीती गेली नव्हती. वरच्या मजल्यावर कुणी कपाट सरकवलं तरी खालची माणसं रस्त्यावर यायची. अम्मी उशाशी चपला आणि बॅटरी घेऊन झोपायची. त्यामुळे गुरुजींचं वागणं आम्हाला वेड्यासारखं वाटलं नाही. आमच्यापेक्षा जरा जास्त घाबरतात, एवढंच वाटायचं.

माझे अब्बा गंजगोलाईच्या बाजाराजवळ घड्याळं दुरुस्त करायचे. मी चौथीत होते आणि मला गणित यायचं, यापलीकडे आमच्याकडे काही भांडवल नव्हतं. हुशार मुलांसाठी नांदेडजवळ, मुदखेडच्या रस्त्याला, एक सरकारी निवासी शाळा होती. परीक्षेतून निवड झाली तर राहणं, जेवण, पुस्तकं, दहावीपर्यंत सगळं फुकट. अब्बांनी ते मनावर घेतलं. गुरुजींनी मात्र नकार दिला. "शिष्यवृत्तीला बसवा. म्हैन्याला पैसे बी मिळतील आन् पोरगी घरी बी ऱ्हाईल. हॉस्टेल नको." त्यांच्या कुठल्याच विद्यार्थ्याला त्यांनी त्या परीक्षेला बसवलं नव्हतं. अब्बा भिडस्त माणूस, पण या बाबतीत हटले नाहीत. शेवटी गुरुजींनीच फॉर्म भरला. आमच्या बोळात पोस्टमन धड पोचायचा नाही, म्हणून पत्ता स्वतःचा घातला. आणि एकदा भरल्यावर माझ्याकडून अशी तयारी करून घेतली की झोपेतसुद्धा मी 'गटात न बसणारा शब्द ओळखा' बडबडायची. वाईट शिकवणं त्यांना जमणारच नव्हतं.

परीक्षा झाली. मग पत्राची वाट. मी रोज विचारायची, "गुरुजी, आलं का?" ते फळ्याकडे तोंड करून म्हणायचे, "न्हाई." अब्बा रोज दुकान बंद करून आले की माझ्याकडे बघायचे, मी नकाराची मान हलवायची. निवड झाली नाही तर अब्बांना तोंड कसं दाखवू, ही एक भीती. झाली तर एकटीने अम्मीशिवाय कशी झोपू, ही दुसरी. दोन्ही एकदम वाटायच्या आणि जेवण जायचं नाही.

मग एक दिवस चमत्कार झाला. आम्ही शिकवणीला गेलो तर गुरुजी नव्हते. खुर्चीवर त्यांच्या बायको, आमच्या काकू, बसल्या होत्या. समोर तांब्या भरलेला, हातात हजेरीची वही. "गुर्जी नांदेडला गेल्यात. सांजच्याला येतील. पेपर काढून ठिवलाय, सोडवा." गुरुजी गावाला गेले तरी सुट्टी नव्हती ती नव्हतीच.

नांदेड म्हटल्यावर मला ती परीक्षा आठवली. सगळी निघाल्यावर मी काकूंजवळ थांबले आणि विचारलं. काकूंना खोटं बोलता येत नसे. "पत्र येऊन आठ दिस झाले, यास्मिन. निवड झाली तुझी. सदऱ्याच्या खिशात घालून फिरायले. रात्रंदिस त्येच. मी लई भांडले. परवाचा शेवटचा दिस हाय हजर व्हायचा."

मला एवढा राग आला की रडूच फुटलं. आठ दिवस अब्बांच्या डोळ्यांकडे बघून मी मान हलवली होती! "का पण? मी काय केलं होतं?"

काकूंनी मला जवळ ओढलं. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तांब्याकडे बघत होत्या.

भूकंपाआधी औशाकडच्या एका खेड्यात गुरुजी मास्तर होते. शिष्यवृत्तीची पोरं तिथे वर्षभर शाळेतच झोपायची. अंथरूण घेऊन यायची, कंदिलावर अभ्यास करायची, पहाटे गुरुजी उठवायचे. घरं सगळी दगडमातीची, वर हातभर मातीचं धाबं. शाळेची नवी खोली तेवढी पत्र्याची. गणपती बुडवायचा दिवस आला. पोरं मागे लागली, आज तरी घरी जाऊ द्या, गुरुजी. तोवर त्यांनी कधी सोडलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचं मन विरघळलं आणि ते म्हणाले, जा, आज सुट्टी.

"त्याच रात्री हाललं," काकू म्हणाल्या. "आमी घरची माणसं शाळेला लागून त्याच पत्र्याखाली ऱ्हायचो, म्हणून वाचलो. सकाळी शाळेची खोली तशीच हुभी होती. ह्यांनी वही घेतली आन् ढिगाऱ्यावर हुभं ऱ्हाऊन एकेकाचं नाव पुकारलं. नऊ पोरं होती. दोघंच हजर म्हणाली."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला फक्त भीती वाटली. ज्या खोलीतून आम्ही ट्रकच्या आवाजाला बाहेर धावत होतो, तिथे उभं राहायचीसुद्धा भीती वाटली.

संध्याकाळी गुरुजी थेट आमच्या घरी आले. धोतर धुळीने भरलेलं, हातात छत्री. अब्बांच्या पुढ्यात पत्र ठेवलं आणि उभेच राहिले. "आठ दिस दडवलं. चुकलं माझं, शेखसाब. जी शिक्षा द्यायची ती द्या." मग उत्तराला न थांबता माझ्याकडे वळून घाईघाईने सांगू लागले. शाळेचा प्रत्येक खांब त्यांनी छत्रीच्या दांड्याने बडवून पाहिला होता. तिथल्या वॉर्डनला वाटलं, बांधकाम खात्याचे साहेब आले, म्हणून त्याने गच्चीसुद्धा दाखवली आणि चहा पाजला. "मुलींची खोली खालीच हाय. दार भायेर उघडतंय. म्होरं मोकळं मैदान. दारापसला पलंग धरायचा, कुणी कितीबी म्हणलं तरी सोडायचा न्हाई. धा पावलं हायत. मी मोजली."

अब्बा बराच वेळ पत्र वाचत राहिले. रागावतील म्हणून मी डोळे मिटले होते. ते म्हणाले, "बैठो गुरुजी. खरं सांगू का, फॉर्म भरल्यापासून मी पण झोपलो नाही." मग दोघं भित्री माणसं शेजारी बसून चहा प्यायली.

दुसऱ्या दिवशी मी आणि अब्बा नांदेडच्या गाडीत बसायला निघालो. गुरुजी स्टँडवर आधीच येऊन थांबले होते, हजेरीची वही घेऊन. शिकवणीची वेळ होती, म्हणजे तिकडे पुन्हा काकू बसल्या असणार. गुरुजींनी वही उघडली.

"शेख यास्मिन."

"हजर."

त्यांनी वही मिटली. कंडक्टरने घंटी मारली. अब्बा गाडीतून हाका मारत होते. मी पायरीवर चढले तेव्हा गुरुजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जा पोरी," ते म्हणाले. "सुट्टी."

गाडी वळेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. मी अहमदपूरपर्यंत रडले.

दारापासचा पलंग मी भांडून मिळवला. चार-पाच दिवसांनी माझ्या नावाचं पोस्टकार्ड आलं. वळणदार, ओळखीचं अक्षर. खुशाली नाही, आशीर्वाद नाही. मजकुराच्या जागी मधोमध फक्त माझं नाव लिहिलेलं होतं, आणि खाली बाकीचं कार्ड कोरं होतं.

मी दप्तरातून नवं कार्ड काढलं, त्यावर 'हजर, गुरुजी' लिहिलं आणि मैदान ओलांडून पेटीत टाकून आले. दहावीपर्यंत दर आठवड्याला ते कार्ड येत राहिलं, आणि मी एकदाही उत्तर चुकवलं नाही.